न घेतलेलं व्रत

सी.बी.डी., बेलापूर
१४ जानेवारी १९८४

चि. वैशालीस,

अनेक आशीर्वाद आणि तिळगूळ. 'गोड बोला' हे तुम्हा तरुणांना. मला आता नुसतं 'बोला' एवढं जमलं तरी संक्रांत गोड झाली म्हणायची.

दिलीप कर्णिकशी तुझं पक्कं झाल्याचं मधूच्या कार्डावरून कळलं. तुझा बाप म्हणजे काय सांगावं! सख्ख्या बहिणीला लेकीचं लग्न ठरल्याची बातमी तीन ओळींत, आणि त्यातली एक बडोद्याच्या थंडीबद्दल. म्हणून तुलाच लिहिते. चार वर्षं दादरच्या माझ्या खोलीत राहून कॉलेज केलंस, तेव्हा माझ्या पत्रावर पहिला हक्क तुझाच.

मुलगा बघितलाय मी. भाबडा आहे, कान मोठे आहेत, चालेल.

आता माझं ऐक, आणि रडू नकोस. गणपतीपासून माझी जीभ जड झालीय हे तुला दिवाळीत कळलंच होतं. तूच म्हणालीस, आत्या, तोंडात पान ठेवून बोलतेयस का. परवा मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवून आले. डॉक्टर कोवळा पोरगा. म्हणाला, "मावशी, घरच्या कुणाला तरी घेऊन या, त्यांच्याशी बोलतो." मी म्हटलं, जीभ माझी, घसा माझा, तर घरच्यांशी काय बोलणार तू? जन्मभर शाळेत पोरींना शास्त्र शिकवलंय, मला सांग. बिचाऱ्याने सांगितलं. मेंदूकडून जिभेला आणि घशाला जाणाऱ्या नसा वाळत चालल्यात. आधी बोलणं जाईल, मग गिळणं. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. म्हणजे सगळं कळत राहणार, ही त्यातली मेख आहे.

हा रोग रक्तातून येतो का, हे मी दोनदा विचारलं. तुझ्यासाठीच. बहुतेकांत येत नाही म्हणाला, आणि दिघ्यांच्या घरात मागे कुणाला असलं काही झालेलं मला आठवत नाही.

माझं मागणं एकच. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात माझं मंगलाष्टक झालंय, मी लिहिलेलं आणि मीच म्हटलेलं. तुझ्या लग्नात ते माझ्या तोंडून झालंच पाहिजे. आवाज अजून आहे. किती महिने ते कुणी सांगत नाही. तेव्हा लग्न मेमध्ये करा, दिवाळीनंतरच्या गप्पा नकोत. आणि कर्णिकांना माझ्याबद्दल सगळं साफ सांगा. लपवाछपवी करून कुणाच्या घरात शिरू नये.

इकडे बरी आहे. तिसऱ्या मजल्यावरून पारसिकचा डोंगर दिसतो, पाणी दिवसातून एकदा येतं, शेजारी बरे आहेत. दिवाळे गावातली गोजरा मासळीची टोपली घेऊन दारात येते. तिच्याशी भावावरून भांडल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. हल्ली माझं अर्धं बोलणं तिला कळत नाही, त्यामुळे मीच जिंकते.

तुझी,
शरयू आत्या

•

बडोदा
२८ जानेवारी १९८४

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. रडू नकोस म्हणालीस, म्हणून पत्र आधी नुसतं वाचलं आणि मग रडले. आईने देवापाशी दिवा लावला. बाबा उठून गॅलरीत गेले. रात्री म्हणाले, मी कर्णिकांना लिहितो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तीन ओळी लिहाल. मी ठाण्याला जाणारच आहे साड्यांच्या खरेदीला. मीच दुर्गाबाईंना, म्हणजे दिलीपच्या आईंना, समोर बसून नीट सांगते. बाबांना ते पटलं.

लग्न वीस मे, रविवार, ठाण्यात. तुझ्या म्हणण्याप्रमाणेच. मंगलाष्टक तूच म्हणायचंस.

पण आत्या, तोपर्यंत घशाला त्रास देऊ नकोस. सारखी बोलू नकोस. जे आहे ते लग्नासाठी राखून ठेव ना. त्या गोजराबाईशी भांडायची काय गरज आहे? दुर्गाबाई कदाचित तुला भेटायला येतील. त्यांच्यापुढेही फार बोलायला जाऊ नकोस, दमशील. नुसतं हसलीस तरी पुरे.

तुझी,
वैशू

•

सी.बी.डी., बेलापूर
४ मार्च १९८४

चि. वैशूस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र वाचून तू पोट धरून हसणार आहेस.

आधी तब्येत सांगते म्हणजे ते संपलं. पाणी आता वैरी झालंय. पातळ काहीही घेतलं की सरळ श्वासनळीत जातं आणि जीव घाबरा होतो. घट्ट चालतं. नाचणीची घट्ट पेज, मऊ भात कालवणात कालवून, पिकलेलं केळं. हनुवटी छातीला टेकवून एकेक घास. जेवायला तासभर लागतो, समोर कुणी असतं तर मला लाज वाटली असती. एकटी आहे ते बरं आहे, असं त्या एका तासापुरतं वाटतं. ठसका लागला तर कुणाला हाक मारणार, म्हणून शाळेतली पी.टी.ची शिट्टी गळ्यात घालून बसले. तर ओठांनी ती धरवेना! आता पितळी घंटी घेतलीय. जेवताना मांडीवर घंटी, आणि दाराला कडी लावत नाही.

मंगलाष्टक होत आलंय. मास्तरीण ती मास्तरीणच. कुठली अक्षरं जिभेवर अजून बसतात आणि कुठली पळून गेली, याचा मी नीट अभ्यास केला. र गेला, ल गेला, ळ तर केव्हाच गेला. मग त्यांना वगळून ओळी बांधल्या. ही बघ:

माझे अंगण सोडुनी निघतसे, आता मनी कापते

एकही र नाही, एकही ल नाही. कुठल्या कवीने इतके कष्ट घेतले असतील? शेवटच्या ओळीत मात्र इलाज चालला नाही. तुझं नाव येणारच, आणि 'कुर्यात् सदा मंगलम्' काही बदलता येत नाही:

वैशाली सुखिया असो निजघरी, कुर्यात् सदा मंगलम्

तिथे सगळा मांडव म्हणतो, माझं बोबडं त्यात बुडून जाईल. रोज सकाळी गॅलरीत डोंगराकडे तोंड करून म्हणते. पूर्ण कडवं पाठवते आहे, पत्रिकेसोबत छापायला.

आता हसायची गोष्ट. मागच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात गेले होते, तेव्हा ठाण्याकडची कुणी बाई आपल्या सोसायटीत माझी चौकशी करून गेली. तेव्हापासून तळमजल्यावरच्या अरुणाबाई मला बघितलं की हात जोडतात. दुकानदार उदबत्तीचे पैसे घेत नाही. आणि गोजरा! काल टोपली खाली ठेवायलाच तयार नाही. मी बोटाने बोंबील दाखवले तर म्हणते, "नाय गो बाय! तुमी मौन धरलाव, उपास धरलाव. तुमाना म्हावरा इकला तं माना पाप लागंल."

मी! मौन आणि उपास! जिने आषाढी एकादशीला सुकटीची चटणी खाल्ली ती शरयू दिघे! मी तिला सांगायला तोंड उघडलं तर तिने कानांवर हात ठेवले. म्हणाली, "बोलू नका, वरत मोडंल." आणि पळाली की गं. मी दारात उभी, हातात रिकामं पातेलं.

हसू आलं, पण दुपारी पेज गिळताना कालवणाची फार आठवण झाली. हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?

तुझी,
आत्या

•

बडोदा
१७ मार्च १९८४

प्रिय आत्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, ती हसून हसून बेजार. मंगलाष्टक फार सुंदर आहे. मी पाठच केलं.

लोक काय, काहीही बोलतात. तू बोलत नाहीस, नीट जेवत नाहीस, आणि एकटी राहतेस. त्यांनी आपला अर्थ लावला. पण खरं सांगू? त्यात तुझं नुकसान काय आहे? कुणी हात जोडतं, कुणी मान देतं. उगीच प्रत्येकाला समजावत बसून घसा कशाला शिणवतेस? दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

मंगलाष्टकासाठी माझी एक मैत्रीणही तयारी करून ठेवते आहे. ऐन वेळी तुला नाहीच जमलं तर असावी म्हणून. राग मानू नकोस.

तुझी,
वैशू

•

सी.बी.डी., बेलापूर
१२ एप्रिल १९८४

चि. वैशाली,

राग कुणावर काढू हे कळत नाही, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

परवा तुझ्या होणाऱ्या सासूबाई आल्या. मी उठून उभी राहीपर्यंत त्यांनी नारळ माझ्या पायांशी ठेवला आणि चक्क लोटांगण घातलं! एवढी धिप्पाड बाई, माझ्या फरशीवर आडवी. मी म्हणायला गेले, अहो, हे काय करता. 'अहो' एवढं फुटलं असेल नसेल, तोच त्यांनी चटकन उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तोंडावर, वैशाली! "नको नको, ताई, आमच्यामुळे व्रत मोडायला नको. बारा वर्षांसाठी धरलेलं मौन, त्यात अन्नही जवळजवळ सोडलेलं. तुमच्या घरून सगळं कळलंय आम्हाला. असली पुण्याई ज्या घरात, त्या घरची मुलगी आमच्याकडे येतेय, भाग्य आमचं."

तुमच्या घरून कळलंय. ऐकलंस?

मी पाटी ओढली. हल्ली पाटीवरच लिहून बोलते. लिहिलं, 'मी आजारी आहे. व्रत नाही.' मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहायचे तशी. त्यांनी पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, आणि म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला बघा. तुमचा उपदेश असेल, दिलीपला आणून वाचून घेईन." आणि पाटी मांडीवर ठेवून सांगत बसल्या. दिलीपचं आधी एका ठिकाणी पक्कं होत आलं होतं. मुलगी चांगली, पण तिच्या मावशीला फिट्स येतात असं कळलं. यांनी सुपारीच्या आदल्या दिवशी मोडलं. "आम्ही या बाबतीत फार पाहतो हो. नात्यात कुठे मेंदूचं काही असलं की नको रे बाबा."

पाटी त्यांच्या मांडीवर, अक्षरं वर. मी ती हळूच काढून घेतली आणि पदराने पुसली. बाई कृतार्थ होऊन गेल्या. जाताना माझ्या पेजेचं भांडं दिसलं, त्यातलं बोटभर प्रसाद म्हणून घेऊन गेल्या.

हे मधूने केलं. तू खरं सांगायला निघाली होतीस, त्यानेच तुला अडवून हे पुढे केलं असणार. माझ्या पाठच्या भावाने. लेकीचं लग्न मोडू नये म्हणून सांगायचं टाळलं असतं, तर भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याने माझ्या आजाराला सोवळं नेसवून पाटावर बसवलं! मी आजारी आहे एवढं म्हणायचीही मला आता सोय ठेवली नाही. काही बोलायला गेले की जो तो माझ्या तोंडावर हात ठेवतो. बोलायचे थोडे महिने उरलेत माझ्याकडे, आणि तेच नेमके काढून घेतले. मूग गिळून गप्प बसावं तर मला मूगही गिळवत नाहीत.

मधूला मी कार्ड टाकलंय, एकच ओळ: 'तुझं तोंड बघायची इच्छा नाही.'

तू घाबरू नकोस. तुझं लग्न माझ्यामुळे मोडणार नाही. वीस मेपर्यंत मी कुणाशी शब्दही बोलणार नाही, पाटीला हात लावणार नाही. लोक पाया पडतील तर पडू देत. हे फक्त तुझ्यासाठी. पण लग्नात मी उभी राहून मंगलाष्टक म्हणणार. अक्षता पडल्यावर कुणी लग्न मोडत नाही. लोकांना कळू दे की बाई बोलते, आणि कशी बोलते. नंतर दुर्गाबाईंशी मी स्वतः निस्तरेन. तेवढं माझं मला दे. देशील ना?

आत्या

•

बडोदा
२५ एप्रिल १९८४

प्रिय आत्या,

देणार, देणार, देणार. तुझं मंगलाष्टक सगळ्यांत शेवटी ठेवलंय. वीस तारखेला सकाळी तुला न्यायला गाडी येईल. खाली गेटपाशी तयार रहा, तू जिना हळू उतरतेस म्हणून सांगतेय.

बाबांना आता काही लिहू नकोस. त्यांना तुझं कार्ड फार लागलंय, पण ते बोलत नाहीत. लग्न पार पडू दे, मग मीच तुम्हा दोघांना समोरासमोर बसवीन.

तू माझ्यासाठी गप्प राहतेयस, हे मी जन्मभर विसरणार नाही.

तुझी,
वैशू

•

बडोदा
२९ मे १९८४

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तोंड बघायची इच्छा नाही असं तू लिहिलंस, तरी पत्र लिहितोय. माझी चूक काय झाली हे मला अजून कळलेलं नाही. वैशाली म्हणाली, आत्या आजाराने चिडचिडी झालीय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, उत्तरही देऊ नका. म्हणून गप्प राहिलो.

लग्न चांगलं झालं. पण अक्का, तू यायला हवं होतंस. गर्दी सोसवत नाही, येत नाही, असं तू वैशूला कळवलंस. मी म्हटलं, मी टॅक्सी करून जातो आणि तिला घेऊन येतो. तर वैशूने हात धरून थांबवलं, म्हणाली, आत्याने बजावलंय, कुणी न्यायला येऊ नका. माझ्यावरच्या रागाने आली नसशील असं समजलो.

तुझं मंगलाष्टक वैशूच्या मैत्रिणीने म्हटलं. मुलीचा आवाज गोड आहे. त्याआधी दुर्गाबाईंनी माईक हातात घेऊन तुझ्या व्रताबद्दल सांगितलं, तेव्हा मी चाट पडलो. कसलं व्रत? वैशूला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, ही आत्याचीच कल्पना, आजाराचा बोभाटा नको म्हणून तिनेच सुचवलं. मला पटलं नाही. तू कधी असलं काही सुचवशील? पण मांडवात मी काय बोलणार? तूच खरं काय ते लिही.

तुझा,
मधुकर

•

सी.बी.डी., बेलापूर
१० जून १९८४

वैशाली,

मधूचं पत्र आलं.

चार वेळा वाचलं. शाळेत एखादी हुशार पोर कॉपी करताना सापडली की मी आधी पेपर पुन्हा तपासायची, माझीच काही चूक होत असेल म्हणून. तसं वाचलं. चूक नाही.

वीस तारखेचं सांगते, कारण तुला ते कुणी सांगणार नाही. मी मोतिया रंगाची इरकली नेसले. आदल्या दिवशीपासून जवळजवळ काही खाल्लं नाही, घसा मोकळा राहावा म्हणून. सकाळीच खाली येऊन गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्यासाठी आईची चिंचपेटी. येणाऱ्या प्रत्येक गाडीला उठून उभी राहिले. ऊन बाकावर आलं. अरुणाबाईंनी छत्री आणून धरली माझ्यावर, देवीवर धरतात तशी.

मुहूर्त जवळ आला तेव्हा कळलं की गाडी बिघडली नसणार. पण तुझ्यावर संशय आला नाही, हे लिहायला आता लाज वाटते. वाटलं, मधूने रोखली. मग मी तिथेच उभी राहिले, ठाण्याच्या दिशेने तोंड केलं, आणि म्हटलं. सगळं कडवं. नाकातून येतो आता माझा आवाज, बैलाने हंबरावं तसा. अरुणाबाई किंचाळल्या, "अहो, व्रत मोडलं, व्रत मोडलं!" वॉचमन धावत आला. दोघांनी मला धरून बसवायचा प्रयत्न केला. मी बसले नाही. 'वैशाली'चा ल आला नाही, पण बाकी सगळं आलं.

गोजरा रिकामी टोपली घेऊन परतत होती. ती समोर उभी राहून ऐकत होती. संपल्यावर जवळ आली, माझ्या हनुवटीवर आलेली लाळ स्वतःच्या पदराने पुसली आणि म्हणाली, "तुमी तं आजारी हाव गो बाय. मंग म्हावरा कनाला बंद केला मी?" दुसऱ्या दिवशी पापलेट आणून दिलं. सोसायटीत आता कुणी हात जोडत नाही. एकदोघी तर फसवल्यासारख्या बघतात माझ्याकडे. मी फसवलं म्हणे त्यांना!

तू दुर्गाबाईंना घाबरलीस, हे मी समजू शकते. मला येऊन सांगितलं असतंस, आत्या, मला भीती वाटते, लग्न होईपर्यंत लपव, तर मी लपवलं असतं. नाहीतरी लपवलंच ना? पण तू मला माझ्या भावाचा राग करू दिलास. मी तुझ्यासाठी आवाज राखून ठेवला, महिनाभर शब्द बोलले नाही, आणि तू तिकडे गाडी पाठवायचीच नाही हे ठरवून 'देणार, देणार, देणार' असं तीनदा लिहिलंस. डॉक्टरला विचारलं मी. आवाज राखून ठेवता येत नाही. वापरा न वापरा, तो जातोच. तो महिना फुकट गेला माझा.

का केलंस? एवढंच विचारते. उत्तर दे.

शरयू

•

ठाणे
२० फेब्रुवारी १९८५

प्रिय आत्या,

इतके महिने लिहिलं नाही. रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. तुझ्या पत्रातला तो एक प्रश्न सोडवायला मला जमत नव्हतं.

मला दिलीप हवा होता. बस्स, एवढंच आहे. खरेदीला ठाण्याला गेले तेव्हा तुझ्याबद्दल सांगायचं ठरवूनच गेले होते. पण मी तोंड उघडायच्या आत दुर्गाबाईंनी त्या आधीच्या मुलीची, तिच्या मावशीची गोष्ट सांगितली. मग विचारलं, तुमच्या आत्या लग्नाला येतील ना, त्यांचं बोलणं हल्ली नीट कळत नाही म्हणे. माझ्या तोंडून निघून गेलं, त्यांनी मौन धरलंय. एकदा निघाल्यावर मागे घेता आलं नाही. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. तू मांडवात उभी राहून म्हटलं असतंस, तर एका मिनिटात सगळ्यांना कळलं असतं. गाडी ठरवली होती मी, आत्या, खरंच. आदल्या संध्याकाळी नको सांगितलं.

तू मला शिकवलंस की खरं बोलावं. पण खरं बोलून तू तरी एकटीच राहिलीस ना?

आता ज्यासाठी लिहितेय ते सांगते. मला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. दुर्गाबाईंचा एकच ध्यास, गुढीपाडव्याला मला तुझ्या पायांवर घालायचं. मी खूप टाळलं, पण त्या ऐकत नाहीत. दिलीपलाही काही माहीत नाही. बाबा म्हणाले, आता तुझा आवाज पूर्ण गेला, अन्नही अगदी थोडं जातं. ऐकून वाईट वाटलं. पण आत्या, नीट विचार केला तर आता यात खोटं असं काही उरलेलंच नाही. तू खरोखर बोलत नाहीस, खरोखर खात नाहीस. फक्त अर्धा तास बसून रहायचं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. पाटी तेवढी आत ठेव. माझ्यासाठी नको, बाळासाठी कर.

तुझी,
वैशू

•

सी.बी.डी., बेलापूर
४ मार्च १९८५

चि. वैशालीस,

बाळाला अनेक आशीर्वाद. त्याने काही केलेलं नाही.

मधू दिवाळीत येऊन राहून गेला. माझं ते कार्ड त्याने पाकिटात जपून ठेवलं होतं, ते मी घेऊन फाडलं. जाताना मिक्सर ठेवून गेला. गोजराचं पापलेट शिजवून, काटे काढून, भातासकट त्यात फिरवते. दिसायला वाईट, पण चव तीच आहे. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतो. मी म्हणतेय, चव कळतेय तोवर थांब. वजन फार उतरलंय, रात्री बसूनच झोपते, घंटी जिना उतरून अरुणाबाईंपर्यंत ऐकू जाते की नाही हे दर आठवड्याला तपासते. एकटीने मरायची भीती वाटते का असं कुणी विचारलं तर हो, वाटते. पण तसं विचारत कुणी नाही. तू तरी कुठे विचारलंस? पानभर पत्रात, आज काय गिळता आलं, एवढा एक प्रश्न नाही.

खरं बोलून एकटीच राहिले, हे बरोबर आहे. पण दादरच्या त्या चार वर्षांत तू माझ्या पंखाखाली झोपायचीस, तेव्हा मला एकटी आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. ते तुझ्या पत्राने पहिल्यांदा वाटलं.

मी रागात आहे, आणि तो जाईपर्यंत जगेन असं वाटत नाही. म्हणून सरळ सांगते. ज्या बाईने माझ्या तोंडावर हात ठेवला, तिने पुन्हा माझ्या पायांवर डोकं ठेवलेलं मला सोसणार नाही. आणि खोटं उरलेलंच नाही असं जे तू लिहिलंस, ते त्या न आलेल्या गाडीपेक्षाही जास्त लागलं. मी बोलत नाही, असं नाही. मला बोलता येत नाही. मी खात नाही, असं नाही. मला भूक लागते, वैशाली.

पाडव्याला अजून अवकाश आहे. तोवर तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर बरं होईल. अक्षता पडल्यात, पोटात मूल आहे, दिलीप भाबडा असला तरी वाईट नाही. दुर्गाबाई आरडाओरडा करतील आणि थकतील. त्यानंतर तू एकटी आलीस तर दार उघडंच असतं.

नाही सांगितलंस तरी या. मी बाहेरच्या खुर्चीत बसलेली असेन. पाटी आत ठेवणार नाही, मांडीवर ठेवणार आहे, आणि आजच लिहून ठेवली आहे, मागच्या वेळी पुसली होती तीच ओळ.

दुर्गाबाईंना निरोप दे, या खेपेला चष्मा विसरू नका म्हणावं.

आत्या